स्ट्रायकर नादिया नदीम

शाळेच्या मैदानावर तुम्ही फुटबॉल खेळला असाल. खेळ सुरू होण्यापूर्वी भांडण कशावरून होते, आठवते का? बहुतेक वेळा ‘पुढे कोण खेळणार’ यावरून. गोलरक्षक व्हायला कोणी पटकन तयार होत नाही. प्रत्येकाला पुढे राहून गोल करायचा असतो. या सर्वांत पुढच्या खेळाडूला स्ट्रायकर म्हणतात. बाकीचे दहा जण चेंडू अडवतात, धावत धावत तो पुढे पोहोचवतात आणि शेवटी तो जाळ्यात मारण्याचे काम स्ट्रायकरवर येते. तो एक क्षण हुकला, तर सर्वांची मेहनत वाया जाते. म्हणून स्ट्रायकरची वाहवा जास्त होते आणि त्याला बोलही जास्त खावे लागतात.

आज आपण अशाच एका स्ट्रायकरची माहिती घेऊ. युरोपातील डेन्मार्क या देशाच्या महिला संघातून ती शंभरपेक्षा अधिक सामने खेळली. परंतु तिचा जन्म डेन्मार्कमध्ये झाला नाही आणि तिची मातृभाषाही डॅनिश नाही. तिचे नाव नादिया नदीम.

नादियाचा जन्म २ जानेवारी १९८८ रोजी अफगाणिस्तानातील हेरात शहरात झाला. तिचे वडील सैन्यात जनरल होते. घरात पाच मुली. वडिलांना खेळाची आवड होती. एकदा त्यांनी मुलींसाठी चेंडू आणला. घराच्या बागेला उंच भिंती होत्या. त्या भिंतींच्या आत मुली चेंडू खेळत.

१९९६ साली तालिबानने काबूल ताब्यात घेतले. मुलींच्या शाळा बंद झाल्या. घरातील पुरुष सोबत असल्याशिवाय स्त्रीने बाहेर पडायचे नाही, असा हुकूम निघाला. २००० साली तालिबानने नादियाच्या वडिलांना ठार मारले. आता घरात आई आणि पाच मुली, एवढीच माणसे उरली. पुरुष नाही, म्हणजे बाहेर जाणे नाही, शाळा नाही, काम नाही. आईने देश सोडण्याचे ठरवले.

त्या सहा जणी पाकिस्तानात आल्या. तेथून बनावट पासपोर्टवर विमानाने इटलीला गेल्या आणि पुढचा प्रवास त्यांनी ट्रकमध्ये लपून केला. बनावट पासपोर्ट वापरणे गुन्हा नाही का, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. कायद्याने तो गुन्हाच आहे. पण ज्यांनी घरातला कर्ता माणूस मारला, त्यांच्याच राज्यात या विधवेला खरा पासपोर्ट कोण देणार होते, हेही विचारा.

त्यांना लंडनला जायचे होते. ट्रक थांबला, सगळ्या खाली उतरल्या. पाहतात तो काय, लंडनच्या इमारती कुठेच नाहीत. चहूकडे नुसती झाडे! रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला विचारले, तेव्हा कळले की हा डेन्मार्क आहे. ज्या देशासाठी पुढे नादियाने गोल केले, तो देश तिने निवडलेला नव्हता.

तेथे त्यांना निर्वासितांच्या छावणीत ठेवण्यात आले. निर्वासित म्हणजे जीव वाचवण्यासाठी घरदार सोडून आलेला माणूस. उर्दूत आपण त्याला पनाहगुजीन म्हणतो. छावणीजवळ एक फुटबॉलचे मैदान होते. तेथे डॅनिश मुली सराव करीत. नादिया कुंपणापाशी उभी राहून पाहत असे. मुलींनी असे मोकळ्या जागेत, सर्वांसमोर खेळलेले तिने पूर्वी पाहिले नव्हते. काही दिवसांनी तीही त्यांच्यात खेळू लागली. एक गंमत पाहा. ‘मैदान’ हा शब्द नादियाच्या फारसी बोलीत आहे, आपल्या उर्दूत आहे आणि मराठीतही तोच आहे. तिला अनेक भाषा येतात. त्यांत उर्दूसुद्धा आहे.

ऑलबोर्ग, व्हिबोर्ग अशा गावांच्या संघांतून खेळत ती पुढे आली. डेन्मार्कच्या संघात तिला घ्यावे, असे वाटू लागले. पण येथे एक नियम आडवा आला. फिफा ही फुटबॉलची जागतिक संस्था. खेळाडूने नवे नागरिकत्व घेतले असेल, तर वयाच्या अठराव्या वर्षानंतर त्या देशात पाच वर्षे राहिल्याशिवाय त्याला तेथील राष्ट्रीय संघातून खेळता येणार नाही, असा फिफाचा नियम होता. पैशाच्या जोरावर परदेशी खेळाडू विकत घेऊन कोणी संघ उभारू नये, यासाठी तो केलेला होता. नियम वाईट नव्हता. पण नादियाला कोणी विकत घेतले नव्हते. ती लहानपणीच आश्रयाला आली होती. हिशेब करून पाहा. २००६ साली ती अठरा वर्षांची झाली, म्हणजे तिला २०११ पर्यंत थांबावे लागले असते. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने फिफाकडे दाद मागितली आणि फिफाने तिच्यासाठी अपवाद केला. मार्च २००९ मध्ये पोर्तुगालमधील अल्गार्व्ह चषक स्पर्धेत ती अमेरिकेविरुद्ध पहिला सामना खेळली. डेन्मार्क तो सामना हरला. पण जन्माने परकी असून डेन्मार्कच्या वरिष्ठ संघातून खेळणारी ती पहिली खेळाडू ठरली.

पुढे २०१२ साली फोर्तुना यरिंग या क्लबकडून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच सामन्यात तिने ग्लासगो सिटीविरुद्ध दोन गोल केले. नंतर ती अमेरिकेत गेली. २०१७ साली तिच्या पोर्टलंड थॉर्न्स संघाने तेथील विजेतेपद मिळवले.

पण त्याच वर्षीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा अधिक लक्षात राहण्यासारखी आहे. उपान्त्यपूर्व फेरीत डेन्मार्कची गाठ जर्मनीशी होती. जर्मनीने ही स्पर्धा मागच्या सहाही वेळा जिंकलेली! पावसाने रॉटरडॅमचे मैदान पाण्याने भरले आणि सामना दुसऱ्या दिवशी घ्यावा लागला. तिसऱ्याच मिनिटाला जर्मनीने गोल केला. आता संपले, असे पुष्कळांना वाटले असेल. उत्तरार्ध सुरू होताच, ४९व्या मिनिटाला नादियाने डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. बरोबरी झाली. मग ८३व्या मिनिटाला तेरेसा नील्सनने दुसरा गोल केला आणि जर्मनी स्पर्धेबाहेर गेला.

अंतिम सामना यजमान नेदरलँड्सशी होता. सहाव्या मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी मिळाली. पेनल्टीत चेंडू गोलपासून अकरा मीटरवर ठेवतात आणि समोर फक्त गोलरक्षक असतो. सोपे वाटते ना? पण अख्खे स्टेडियम नेदरलँड्सच्या बाजूचे असताना चेंडूपाशी उभे राहणे सोपे नसते. नादियाने गोल केला. तरी शेवटी डेन्मार्क ४-२ असा हरला.

आता तुम्हाला वाटेल, एवढे खेळल्यावर अभ्यास कसला? नादिया ऑर्हूस विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत होती. तिला शल्यविशारद व्हायचे होते. खेळाचा हंगाम संपला, की ती पुस्तकांकडे वळत असे. आपल्याकडे ‘खेळ की अभ्यास?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मी स्वतःही तो वर्गात विचारला आहे. नादियाला दोन्ही साधले, पण त्यासाठी किती वर्षे लागली तेही पाहा. जानेवारी २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली, तेव्हा तिचे वय ३४ होते.

मधल्या काळात ती पॅरिस सेंट जर्मेन संघाकडून खेळली. २०२१ साली या संघाने फ्रान्सची लीग प्रथमच जिंकली. त्यापूर्वी सलग चौदा वर्षे ती लिऑन संघाकडे होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत खेळताना तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात ती दूरदर्शनवर समालोचन करीत होती. तेथेच तिला आई गेल्याची बातमी मिळाली. पाच मुलींना घेऊन निघालेली ती आई एका ट्रकच्या अपघातात गेली.

नादिया पुन्हा मैदानावर उतरली. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ती ए. सी. मिलान या संघात दाखल झाली. हा संघ इटलीचा. २००० साली ट्रकमध्ये लपून ती याच देशातून गेली होती.