एक कॉम्प्युटर, ६० मिनिटे आणि दहा मुले

मुलांच्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. कोपरखैरण्यात वडील मार्केटात, आई चार घरच्या कामावर, आणि मुले शाळेतून येतात तेव्हा दाराला कुलूप. घरात असलाच तर एक जादा मोबाईल असतो, तो थोरल्या मुलाच्या ताब्यात. धाकटी बहीण शेजारी बसून नुसती बघते. पुढे कधीतरी रिचार्जला ठेवलेले पैसे खेळातल्या बंदुकीवर गेल्याचे कळते आणि घरात भांडण पेटते.

खेळ वाईट नाही, एकट्याने खेळणे वाईट आहे. म्हणून आमच्या सेक्टरमधल्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी आम्ही एक जुना कॉम्प्युटर लावतो आणि सगळ्या मुलांत मिळून एकच खेळ देतो : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. इतर मंडळांनीही हे करून पाहावे.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने तयार केला, १९८९ साली. आमच्या पिढीने तो कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर यायच्या आत, चोरून खेळलेला आहे. तळघरात कैद झालेल्या तरुणाने बारा टप्पे पार करून राजकन्येला सोडवायचे, तेही ६० मिनिटांत. सुरुवातीला हातात तलवारसुद्धा नसते, ती शोधावी लागते. जमिनीतून सुळे निघतात, फरशी पायाखालून निसटते, एखाद्या लादीवर पाय पडला की कुठले तरी फाटक उघडते नाहीतर बंद होते. मेलो तर टप्पा पहिल्यापासून सुरू, पण घड्याळ मागे जात नाही. तास संपला की खेळ संपला.

एका वेळी खेळणारा एकच. मग दहा जणांनी कसे खेळायचे? आमचा नियम साधा आहे. मेला की उठायचे, पुढच्याने बसायचे. नंबर वहीत लिहिलेले असतात, एक मुलगी, एक मुलगा, त्यामुळे दादागिरी चालत नाही. सापळे आणि पहारेकरी दर वेळी त्याच जागी असतात, म्हणून एकजण चौकटीच्या वहीत नकाशा काढतो. एकजण वेळ सांभाळतो; स्पेसबार दाबला की उरलेली मिनिटे दिसतात. बाकीचे ओरडतात! "शिफ्ट दाब, शिफ्ट!" कारण शिफ्ट दाबून सावकाश चालले तर सुळ्यांमधूनही सुखरूप जाता येते. धावणाऱ्यापेक्षा बघून पाऊल टाकणारा पुढे जातो, हे पाचवीतल्या पोरांना कोणी सांगावे लागत नाही. पडद्यावर वाचायचे फारसे काही नाही, म्हणून मराठी शाळेतले मूल कुठे अडत नाही.

राजकन्या नुसती वाट बघत का बसते, असे आमच्या मुली विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र आठव्या टप्प्यावर नायक अडकतो तेव्हा फाटक उघडायला जो उंदीर येतो, तो तिनेच पाठवलेला असतो.

सगळ्यात गंमत सावलीची. चौथ्या टप्प्यात आरशातून उडी मारली की नायकाची सावली सुटी होते आणि पुढे त्यालाच त्रास देत राहते. मेकनरच्या कॉम्प्युटरची मेमरी अगदीच थोडी. नव्या शत्रूची चित्रे ठेवायला जागा उरली नव्हती, तेव्हा नायकाचीच चित्रे थोडी फिरवून त्याने ही सावली केली. धावण्या-उड्या मारण्याची ढबही धाकट्या भावाचे चित्रीकरण करून घेतलेली. घरात होते त्यात भागवले! शेवटी त्या सावलीशी लढायचे कसे, ते मी सांगणार नाही. आमच्या मुलांना तीन रविवार लागले, आणि उत्तर सापडले ते सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलीला.

हेही लक्षात घ्या की हा पोटापाण्याचा धंदा आहे. याच मालिकेतला २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने करण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या कचेऱ्यांकडे होते, तसे २०२० मध्ये जाहीर झाले होते. २०२२ मध्ये ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेले. पण खेळ बनवणारी माणसे गाडीने जाता येईल इतक्या जवळ काम करतात, हे आपल्या दहावीच्या मुलांना ठाऊक असावे.

भारी मशीन लागत नाही, कचेरीने मोडीत काढलेलेही चालते. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसचे जुने खेळ ब्राउझरमध्ये खुले केले, त्यात हा मिळतो. सुळ्यांवर पडल्यावर रक्त दिसते, म्हणून सात-आठ वर्षांखालच्यांना बसवू नका. आणि मोठ्या माणसाने कीबोर्डला हात लावायचा नाही, फार तर चहा-बिस्किटांचे बघायचे.