तोलोलिंगची चढण आणि बुटांचा हिशेब

जून २०२५ मध्ये जवानांच्या एका तुकडीने द्रासच्या युद्धस्मारकापासून निघून तोलोलिंगचा माथा गाठला आणि १९९९ च्या हुतात्म्यांना मानवंदना दिली. त्या वर्षी हीच चढण वरून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात चढावी लागली होती. आडोशाला झुडूपही नाही, विरळ हवेत चार पावलांवर धाप लागते. १८ ग्रेनेडियर्सने मोठी प्राणहानी सोसली. अखेर १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने माथा जिंकला.

अशा स्मरणयात्रेवरील खर्च अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. (अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून बहुधा तीच अपेक्षा असते!) परंतु मानवंदना वर्षातून एकदा दिली जाते, सीमेवरचा पहारा मात्र बारमाही असतो. सियाचिनमध्ये तर १९८४ पासून शत्रूच्या गोळ्यांपेक्षा थंडीने आणि हिमप्रपातांनीच अधिक बळी घेतले आहेत. तेथे बूट हेही शस्त्रच नव्हे काय? आणि तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापालांच्या अहवालात बर्फातील चष्मे, कपडे व बूट यांच्या खरेदीतील दिरंगाईवर ठपका आहे; नवे बूट वेळेवर न मिळाल्याने जवानांना जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले, अशी नोंद त्यात आहे.