गोठ्यातला ताप

मांजरीला काकांच्या गोठ्यात चंद्री नावाची होल्स्टीन संकराची गाय आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला १०६ ताप भरला, दूध आटलं, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली. "ऊन लागलं असंल," काका म्हणाले. डॉक्टरांनी मात्र कानामागच्या गोचिडी बघितल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. निघाला थायलेरिओसिस, म्हणजे गोचीडताप.

थायलेरिया ॲन्युलाटा हा एकपेशीय परजीवी गोचिडीच्या लाळेतून येतो, पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला सारखं विभागायला लावतो, अगदी कॅन्सरसारखं. पेशीच्या दोन झाल्या की हाही दोन्हीकडे वाटला जातो. (आपल्यातल्या प्रोग्रॅमरना असला लूप सुचला नसता!) पुढे तांबड्या पेशी, मग ॲनिमिया. देशी गाईला हे बरंचसं झेपतं, संकरित गाईला नाही.

ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून चंद्री वाचली. लसही आहे, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवावी लागते. घरच्या फ्रीजचं ते काम नाही.

काका गाईवर औषध मारायचे, तरी गोचिडी परत यायच्या. कारण हायलोमा जातीची मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही फटी सिमेंटने बुजवल्या, चुना मारला. सिव्हिलवाल्यांनो, हाही तुमचाच विषय! काका आता रोज संध्याकाळी चंद्रीच्या कानामागे हात फिरवतात. गोचीड चिकटल्यावर तिच्या लाळेतला परजीवी तयार व्हायला दोनेक दिवस लागतात, तेवढा वेळ हातात असतो.