किमतीची वही आणि आकड्याची वही

आज आपण टीव्हीवरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ अमेरिकेतला आहे, पण त्यात विचारतात ते आपल्या रोजच्या कामाचं. वस्तू दाखवतात आणि विचारतात, सांगा बघू, हिची किंमत किती? साबण, डबाबंद भाजी, कपडे धुण्याचं यंत्र, फर्निचर, मोटारगाडी, काहीही असतं. खेळाचं नाव 'द प्राइस इज राइट', म्हणजे किंमत बरोबर आहे. १९५६ साली तो पहिल्यांदा आला. आत्ताचं त्याचं रूप सप्टेंबर १९७२ पासून सीबीएस या वाहिनीवर सुरू आहे. बॉब बार्कर यांनी २००७ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं तो चालवला. त्यानंतर ड्रू कॅरी आले. भागांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली आहे.

हा खेळ तिकडे सकाळी लागतो. घरातलं आवरता आवरता बघणाऱ्या बायका, म्हातारी माणसं, आजारी म्हणून शाळेला न गेलेली मुलं, हे त्याचे जुने प्रेक्षक. त्यातले काही प्रेक्षक नुसते बघत नाहीत, ते वही घेऊन बसतात. आज कोणते छोटे खेळ झाले, कोणती वस्तू आली, किंमत काय निघाली, कोण जिंकलं, कोण हरलं, सगळं रोजच्या रोज टिपून ठेवतात. काहींनी तर वर्षानुवर्षं हे केलं. असल्या टिपणाचा उपयोग काय, तो कुठे होतो आणि कुठे अजिबात होत नाही, हे आज समजून घेऊ. कारण आपल्याही काही घरांत अशी वही आहे. तिच्याकडे आपण शेवटी येऊच.

आधी खेळ समजून घेऊ. प्रेक्षकांतून चार जणांना पुढे बोलावतात. एक वस्तू दाखवतात आणि चौघं एकामागून एक किंमत सांगतात. खऱ्या किमतीच्या वर न जाता जो सगळ्यात जवळ राहील, तो मंचावर जातो. पहिल्या तिघांनी ६००, ७०० आणि ८०० डॉलर सांगितले आणि चौथीला वाटलं की वस्तू ८०० च्या वरची आहे, तर तिनं ८०१ म्हणावं. म्हणजे ८०० च्या वरची सगळी जागा तिची झाली. तिघांनीही जास्तच सांगितलंय असं वाटलं, तर तिनं सरळ १ डॉलर म्हणावं. शेवटी बोलणाऱ्याला हा फायदा असतो. १९९६ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी या कार्यक्रमाचे भाग तपासून अमेरिकेतल्या मोठ्या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांना दिसलं की शेवटी बोलणारे कित्येक जण हा सोपा फायदाही घेत नाहीत. गडबडीत, दिव्यांच्या झगमगाटात साधी गोष्ट सुचत नाही. बाजारात चार जणी एकदम भाव करायला लागल्या की आपलंही तसंच होतं.

मंचावर गेल्यावर किमतीचेच वेगवेगळे छोटे खेळ असतात. एका भागात सहा होतात. टिपणं ठेवणाऱ्यांच्या लक्षात हळूहळू काही गोष्टी आल्या. उदाहरणार्थ, 'टेन चान्सेस' नावाच्या खेळात सुटे आकडे देतात आणि ते जुळवून वस्तूची किंमत तयार करायची असते. दिलेल्या आकड्यांत शून्य असेल, तर ते बहुतेक वेळा किमतीच्या शेवटी यायचं. हे कोणी जाहीर केलेलं नव्हतं. पण दोनशे भागांची टिपणं समोर असली की डोळ्यांत भरतंच. मंचावरची बाई मात्र घामाघूम होऊन शून्य मध्येच लावत बसायची.

आता या वहीचा सगळ्यात गाजलेला किस्सा ऐका. लास वेगास शहरात टेरी निस आणि लिंडा निस हे जोडपं राहायचं. टेरी पूर्वी टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगायचे. रोजच्या नोंदी बघून उद्याचं सांगायचं, हीच त्यांची नोकरी होती. दोघांनी मिळून काही महिने हा कार्यक्रम रोज टेप केला आणि पाहिला. त्यांना दिसलं की बक्षिसं नवी नसतात, तीच तीच फिरून येतात आणि किंमतही तीच असते. मग त्यांनी किमती पाठ केल्या.

२२ सप्टेंबर २००८ ला दोघं चित्रीकरणाला गेले आणि टेरींना पुढे बोलावलं गेलं. शेवटच्या फेरीत त्यांच्यापुढे तीन वस्तू ठेवल्या. गाणी म्हणायचं कॅराओके यंत्र, बिलियर्ड्सचं टेबल आणि आत झोपायची सोय असलेली, मोटारीला जोडून न्यायची ओढगाडी. टेरी म्हणाले, २३,७४३ डॉलर. खरी किंमत निघाली २३,७४३. एका डॉलरचाही फरक नाही! चित्रीकरण थांबलं, कोणी आतून उत्तर फोडलं की काय म्हणून धावपळ झाली. टेरींचं म्हणणं, २३ हजारांच्या आसपास होणार हे माहीत होतं, शेवटचे तीन आकडे आपल्या ठरलेल्या गुप्त क्रमांकाचे लावले. त्याच दिवशी प्रेक्षकांत टेड स्लॉसन होते. गणिताची आवड असलेले हे गृहस्थ १९८० च्या दशकापासून या खेळाच्या किमती पाठ करत आले होते आणि कित्येकदा चित्रीकरणाला येऊन बसले होते. ते म्हणतात, आकडा मी सांगितला. या खेळात प्रेक्षकांनी ओरडून किंमत सांगायला मुळीच बंदी नाही, ती तर रोजचीच गंमत. त्यामुळे नियम कुणीच मोडला नव्हता. टेरींना बक्षीस मिळालं, आणि नियमाप्रमाणे समोरच्या खेळाडूची बक्षिसंही मिळाली.

इथे प्रश्न येतो, ही लबाडी झाली का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९५० च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नमंजूषेचा खेळ होता. त्यात चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुण प्राध्यापकानं १,२९,००० डॉलर जिंकले आणि तो घराघरांत पोहोचला. पुढे उघड झालं की निर्माते त्याला उत्तरं आधीच सांगत होते. १९५९ साली त्यानं संसदेच्या समितीपुढे ते कबूल केलं. पाठोपाठ १९६० मध्ये कायदा झाला, की असले खेळ आतून ठरवून खेळवणं हा गुन्हा. ती लबाडी होती, कारण उत्तर एकालाच गुपचूप दिलं गेलं. टेरी, लिंडा आणि टेड यांनी जे पाहिलं ते सगळ्या देशाला उघड दिसत होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं, एवढंच. त्यावर निर्मात्यांकडे सरळ उपाय एकच होता, वस्तू आणि किमती बदलत राहणं. त्यांनी तेच केलं.

दुसरा किस्सा मायकल लार्सन यांचा. ओहायो राज्यातले हे गृहस्थ एके काळी आइस्क्रीमची गाडी चालवायचे. 'प्रेस युवर लक', म्हणजे नशिबाचं बटण दाबा, असा एक खेळ १९८३ साली सुरू झाला होता. मोठ्या फळ्यावर अठरा चौकोन, त्यांवर दिवा इकडून तिकडे उड्या मारायचा. बटण दाबलं की दिवा थांबेल ते तुमचं. पैसे असले तर पैसे, आणि 'व्हॅमी' नावाचं भूत निघालं तर जमलेलं सगळं जाणार. लोकांना वाटायचं, दिवा कसाही उडतो. लार्सन यांनी भाग टेप करून पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून पाहिले. दिवा कसाही उडत नव्हता. त्याच्या फक्त पाच ठरलेल्या वाटा होत्या. शिवाय दोन चौकोनांवर भूत कधीच येत नव्हतं. मे १९८४ मध्ये ते खेळायला गेले आणि एका दिवसात १,१०,२३७ डॉलर घेऊन आले. वाहिनीनं नियम तपासले, कुठलाच मोडलेला नव्हता. पैसे द्यावे लागले. मग फळ्याच्या वाटा वाढवल्या.

आता नीट लक्ष द्या, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. या दोन्ही ठिकाणी वही का उपयोगी पडली? कारण मागच्या गोष्टीचा पुढच्या गोष्टीशी खरा संबंध होता. तीच ओढगाडी पुन्हा आली, तर तिची किंमत तीच असणार, कारण वस्तू तीच आहे. दिवा पुन्हा त्याच वाटेनं जाणार, कारण यंत्रात पाचच वाटा भरल्या आहेत. कुठेतरी कारण होतं, आणि टिपणामुळे ते दिसलं.

पण त्याच 'द प्राइस इज राइट'मध्ये एक मोठं चाक आहे. त्यावर वीस खाचा, ५ सेंटपासून १०० सेंटपर्यंत. खेळाडू ते हातानं फिरवतो. आता कुणी या चाकाची वीस वर्षांची वही लिहिली, काल काय आलं, परवा काय आलं, तर आज काय येईल ते सांगता येईल का? नाही. चाकाला काल काय आलं होतं ते आठवत नाही. आठवडाभर १०० आला नाही म्हणून आज तो 'यायचा राहिलाय' असं काही नसतं. कार्यक्रम एकच, पण त्याच्या किमतीची वही कामाची आणि चाकाची वही बिनकामाची.

आता आपल्या घरातल्या वहीकडे येऊ. खिशात लहानशी वही, कोपऱ्यात दुमडलेला चार्ट, त्यावर लाल-निळ्या पेनानं खुणा. ओपन काय आला, क्लोज काय आला, कोणती जोडी किती दिवस आली नाही. मटक्याची वही. हा खेळ मुंबईत सुरू झाला तो न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यांवर पैसे लावण्यातून. ओपन आणि क्लोज म्हणजे बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव. १९६० च्या दशकात तो आधार गेला आणि आकडे मडक्यातून, पुढे पत्त्यांतून काढायला लागले. कापसाच्या भावामागे निदान पाऊस-पाणी, पीक, मागणी असं काही कारण होतं. मडक्यातल्या आकड्यामागे काहीच नाही. तो सरळ काढला असेल तर ते आपलं चाकच, त्याला काल आठवत नाही. आणि काढणाऱ्यानं ठरवून काढला असेल, तर तो चार्ट बघणाऱ्याच्या फायद्यासाठी तरी ठरवणार नाही. दोन्ही बाजूंनी वही फुकट.

हिशेबही करून बघू. शून्य ते नऊ असे दहा आकडे. लागला तर नऊपट देतात असं धरून चालू. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर गेले १०० रुपये. एक आकडा नक्की लागणार आणि हातात येणार ९०. म्हणजे सगळेच्या सगळे आकडे लावले तरी दहा रुपये बुडाले. मग त्यातला एक निवडायला चार्ट कितीही अभ्यासला, तरी रोज थोडं थोडं बुडणारच. शिवाय हा खेळ कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळंच. 'आज नक्की लागणार, बरेच दिवस आला नाही,' असं घरात कुणी म्हणालं, तर भांडत बसू नका. हा शंभराचा आणि नव्वदचा हिशेब कागदावर मांडून समोर ठेवा.

लार्सन यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. फळ्याचं गुपित त्यांनी खरोखर शोधलं होतं. पण नंतर एका रेडिओ केंद्रानं डॉलरच्या नोटेवरचा क्रमांक जुळवायची स्पर्धा जाहीर केली, आणि त्यांनी बँकेतून हजारो डॉलर एक-एकच्या नोटांत काढून घरी आणले. रात्र रात्र क्रमांक तपासत बसले. नोट काही जुळली नाही. घरात ठेवलेल्या ४०-५० हजार डॉलरच्या नोटा मात्र चोरीला गेल्या. पहिल्या खेळात शोधण्यासारखं काहीतरी होतं. दुसऱ्यात नुसती आशा होती. माणूस हुशार होता, पण फरक करायचं विसरला.

मग आपण काय करायचं? वही जरूर ठेवायची, पण कारण असलेल्या गोष्टींची. दसऱ्याला झेंडूचा भाव कुठवर जातो, थंडीत अंडी किती महागतात, आवक वाढली की कांदा कोणत्या आठवड्यात उतरतो, गटाचा माल कोणत्या बाजारात लवकर उठतो. दर आठवड्याला चार ओळी लिहिल्या तरी दोन वर्षांत आपल्या गटाकडे अशी माहिती जमेल जी व्यापारी आपल्याला कधी सांगणार नाही. गटातल्या एकीनं भाव टिपावा, दुसरीनं तारीख आणि आवक, बैठकीत दोन्ही वाचून दाखवावं.

एक छोटा प्रयोगही बैठकीत करून बघा. एक रुपयाचं नाणं पन्नास वेळा उडवा, छापा की काटा ते लिहीत जा. चार वेळा लागोपाठ छापा आला की सगळ्यांना विचारा, आता काय येईल? बहुतेक जणी म्हणतील काटा. मग पुढचा निकाल लिहा. असं जितक्या वेळा घडेल तितक्या वेळा लिहा आणि शेवटी मोजा. चार छाप्यांनंतर काटाच यायला हवा असं काही नसतं, कारण नाण्यालाही काल आठवत नाही. हे पोरांना आणि घरच्या कारभाऱ्यांनाही करून दाखवा. सांगण्यापेक्षा ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

पुढच्या वेळी भेटू, तेव्हा आपल्या भावाच्या वहीचे रकाने कसे आखायचे ते बघू. तोपर्यंत एक कोरी वही आणून ठेवा.