खाण तशी माती?

बाळंतिणीच्या खोलीत नाकडोळ्यांची वाटणी बारशाआधीच होते. उंचीचा निकाल मात्र अठरा वर्षं लांबतो. तोवर बालरोगतज्ज्ञ एक सोपं गणित मांडतात. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर 13 सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे आणि निम्मे करायचे. वडील 170, आई 150, तर मुलगा साधारण 166.5 आणि मुलगी 153.5. आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे धरूनच चालायचं.

या गणिताचं मूळ फ्रान्सिस गॉल्टनकडे जातं. 1886 साली त्याने 205 जोडपी आणि त्यांची 928 प्रौढ अपत्यं यांच्या उंच्या मांडल्या. बायकांच्या उंचीला त्याने 1.08 ने गुणलं, म्हणजे त्यांना कागदावर पुरुषांएवढं केलं! दिसलं ते असं: फार उंच आईबापांची मुलं उंच होतात, पण सरासरीकडे थोडी झुकतात, ठेंगण्यांची मुलंही तशीच, उलट बाजूने. सुप्रजननशास्त्र हा शब्द घडवणाऱ्या या गृहस्थाला ते फारसं सोयीचं नसावं.

असं का होतं, याच्या उत्तराचा पाया 1918 मध्ये रोनाल्ड फिशरने घातला. उंचीचं एकच जनुक नसतं. असंख्य जनुकं चिमूटचिमूट भर घालतात. 2022 साली सुमारे 54 लाख लोकांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या अशा 12,111 जागा सापडल्या. त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे इतरांच्या उंचीचा अंदाज त्यावरून बराच कच्चा येतो.

उंची 80 टक्के आनुवंशिक असते, असं सर्रास सांगतात. त्याचा अर्थ 160 सेंटिमीटरपैकी 128 आईबापांनी दिले असा नाही. एका समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांचा, इतकंच. अख्ख्या समाजाचं ताट बदललं की सगळेच वर सरकतात. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी 20 सेंटिमीटरने वाढल्या. एवढ्यात जनुकं कुठली बदलायला!

म्हणून मला त्या सूत्रातला आईचा आकडा खटकतो. त्या 150 मध्ये तिची जनुकं आहेत, तसंच ती लहान असताना घरातलं दूध कुणाच्या पेल्यात जायचं तेही आहे. डॉक्टरांच्या कागदावर दोन्ही एकाच रकान्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये आसपासच्या सहा गावांतल्या बायकांवर अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीच त्यांची मापं घेतली होती: उंची सरासरी 152 सेंटिमीटर, वजन 42 किलोच्या आसपास. बाळं 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या आणि फळं वारंवार असत, त्यांची बाळं जरा मोठी निघाली. ती बाळं वयात आल्यावर, 2012 पासून, त्यांच्यातल्या काहींना ब-12 जीवनसत्त्व देणं सुरू झालं, त्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी.