बेसाल्ट आला की पुढे चला?

हिंगणघाट ओलांडून दक्षिणेला वरोऱ्याकडे निघालं की कोळशाचा मुलूख लागतो. अलीकडचा बहुतेक वर्धा जिल्हा मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसलेला आहे. वर कपाशीची काळी जमीन, खाली बेसाल्ट. त्याच्याही खाली काय असेल, याचा अंदाज बांधायला भूवैज्ञानिकांच्या हाताशी आता नमुने (पॅटर्न) ओळखणारं सॉफ्टवेअर आलं आहे.

खडकांचा नकाशा, नाल्यांच्या गाळाचं रासायनिक पृथक्करण, विमानातून मोजलेलं चुंबकत्व, गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक असं सगळं एकावर एक रचायचं आणि जमिनीचे चौकोन पाडायचे. खनिज सापडलेले चौकोन यंत्राला दाखवायचे. तसेच आणखी कुठे दिसतात ते यंत्र सांगतं. हाती येते ती फक्त शक्यता.

कल्पना जुनीच. 1970च्या दशकात अमेरिकेत भूवैज्ञानिकांचे ठोकताळे भरून ‘प्रॉस्पेक्टर’ नावाची संगणकप्रणाली केली होती. तिने सुचवलेल्या भागात, माउंट टोलमनला, पुढे मॉलिब्डेनम निघालं. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि ‘इंडियाएआय’ या सरकारी मोहिमेने 2025 साली कर्नाटक-आंध्रातल्या 39,000 चौरस किलोमीटरसाठी अशी स्पर्धाच घेतली.

वर्ध्यात मात्र खरी मेख आहे. ‘इथे खनिज नाही’ असे चौकोनही यंत्राला शिकवावे लागतात. कुणी शोधलंच नाही अशा जागाही त्यात ‘नाही’ म्हणून भरल्या, तर यंत्र एवढंच पाठ करणार: बेसाल्ट आला, पुढे चला. वर्धा खोऱ्यात तर बेसाल्टखालीही कोळसा आहे! नाल्याचा गाळ वरच्याच खडकाची खबर देतो. चुंबकत्वाच्या नोंदीत बेसाल्टचाच गोंगाट. कोळसा पोटात असलेल्या हलक्या गोंडवाना खडकांवर गुरुत्वाकर्षण किंचित उतरतं खरं, पण माथ्यावरच्या जड थराची जाडी ठाऊक नसेल तर तो हिशेबही चुकतो.

नमुना दिसला म्हणजे कारण कळलं, असंही नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर गोल गोल खडे मिळतात. शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा फळांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका. भूविज्ञान त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणतं. नमुना लोकांनी अचूक हेरला होता, कारण तेवढं वेगळं लावलं. सॉफ्टवेअर तर कारणाच्या भानगडीतच पडत नाही. ते भूवैज्ञानिकानेच पाहायचं.

शेवटी बोअर घ्यावाच लागतो. सरकारी खनिज शोधासाठी ड्रिलिंग करणारी, 1972 साली स्थापन झालेली एमईसीएल ही कंपनी शेजारच्या नागपुरातच आहे. बोअर महाग, म्हणून पहिला कुठे घ्यायचा एवढं जरी यंत्राने नीट सुचवलं तरी पुष्कळ झालं. आणि पुरेसा खोल जाऊनही तो कोरडा निघाला, तर त्याची नोंद फायलीत पडून राहू देऊ नये. यंत्राला शिकवायला तेव्हा कुठे एक खरं ‘नाही’ मिळालेलं असतं.