लाँचचा डबा आणि मधुमेह

परवा गिरगावातल्या एक आजी दवाखान्यात आल्या. बामणोलीहून कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँचने फिरायला निघाल्या होत्या. ‘‘लाँच लागू नये म्हणून उपाशीच बसेन, गोळी मात्र चुकवणार नाही!’’ म्हणाल्या. घात होतो तो इथेच. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातली साखर उतरते. हात कापतात, घाम फुटतो, शुद्धही हरपते. भर पाण्यात दवाखाना कुठला? गोळी न्याहारीबरोबरच घ्यावी. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी. तळकट नको, ओल्या खोबऱ्याची चटणीही नको, उन्हात आंबते. जवळ साखरेची पुडी हवी. घाम फुटताच 3 चमचे पाण्यातून. 15 मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये.

‘‘मग चकली?’’ आजींनी विचारले. एक, म्हटले.